रिमोट विकलात, पण घरी जाऊन चालला का? सेट-टॉप बॉक्सला नवा रिमोट जोडण्याची पूर्ण पद्धत



दुकानदार मित्रांनो, मैत्रिणींनो, आजच्या लेखाची सुरुवात एका चुकीच्या दुरुस्तीने करतोय. चूक माझीच आहे.

छोट्या दुकानाच्या काउंटरवर कोणत्या वस्तू ठेवाव्यात, यावर आपण एक व्हिडिओ केला होता. त्यात सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटबद्दल बोलताना मी सहज म्हणून गेलो, "रिमोट दुकानातच पेअर करून द्या, म्हणजे गिऱ्हाईक खूश." वाक्य ऐकायला छान होतं. पण अर्धवट होतं.

काही दिवसांनी एका तालुक्याच्या गावातून दुकानदार दादांचा फोन आला. म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलं तसंच केलं. दुकानातल्या बॉक्सवर रिमोट पेअर केला, चालवून दाखवला. आजोबांनी पैसे दिले आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत हजर. 'लेका, घरी चालंना हे.' मी पुन्हा पेअर करून दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

आजोबा वाडीवरून वडापने येत होते. तीन फेऱ्यांचं भाडं रिमोटच्या किमतीला टेकलं. घरी आजी अंथरुणाला खिळलेल्या, दिवसभर टीव्ही हीच त्यांची सोबत. आणि दुकानदाराची काय अवस्था? गल्ल्यात आलेला नफा बाजूलाच राहिला, "ह्याच्याकडचा माल डुप्लिकेट असतो" असं नाव मात्र झालं. माल तर चांगला होता! रिमोट दुकानातल्या बॉक्सशी जोडलेला होता, आजोबांच्या बॉक्सशी नव्हता. एवढंच.

म्हणून आज हा विषय मुळापासून घेऊ. तुमचं इलेक्ट्रिकचं दुकान असो, मोबाईल रिपेअरिंगची टपरी असो, केबलचं काम असो किंवा जनरल स्टोअर्समध्ये तुम्ही चार रिमोट टांगून ठेवत असाल, हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि फक्त घरचा रिमोट बदलायचा असेल तरी वाचा, दुकानात काय विचारायचं ते कळेल.

आधी "पेअर" या शब्दाचा घोळ सोडवू

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "रिमोट पेअर करून द्या." त्याच्या तोंडी हा एकच शब्द असतो. पण त्यामागे तीन वेगवेगळी कामं असतात. मी त्यांना तीन सोपी नावं दिलीत:

१. जुळवणे – बॉक्सच्या मॉडेलला जुळणारा रिमोट शोधून देणे.
२. शिकवणे – बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची बटणं शिकवणे.
३. जोडणे – ब्लूटूथ रिमोट त्या एका बॉक्सशी बांधणे. खरं "पेअरिंग" फक्त हेच.

आपल्याकडे रिमोटचा हा पसारा वाढला कधी? २०१२ साली मुंबईत आणि २०१३ पासून पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत केबल डिजिटल होत गेली, मग छोट्या गावांचा नंबर लागला. डिशवाल्या कंपन्या त्याआधीच घराघरांत पोचल्या होत्या. म्हणजे घरात टीव्हीचा एक रिमोट होताच, त्यात बॉक्सचा दुसरा आला. आता अँड्रॉइड बॉक्स आले, त्यांचा रिमोट ब्लूटूथवाला. दिसायला सगळे काळे, लांबट, रबरी बटणांचे. काम मात्र तिघांचं वेगळं.

हे वेगळेपण ज्याला कळलं, त्याच्याकडे रिमोट परत येत नाही.

काउंटरवर पैसे घेण्याआधी तीन प्रश्न

गिऱ्हाईक म्हणालं "रिमोट द्या", की लगेच हात वर करून पाकीट काढू नका. आधी विचारा:

पहिला प्रश्न: "जुना रिमोट आणलाय का?" आणला असेल तर अर्धं काम झालं. तुटका असला तरी चालेल, त्यावरची बटणं आणि मागचा छापील नंबर बघायला मिळतो.

दुसरा प्रश्न: "बॉक्सचा फोटो आहे का?" समोरून एक आणि खालच्या बाजूच्या स्टिकरचा एक. घरी कोणी असेल तर तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या. केबलच्या बॉक्सला हा फोटो फारच महत्त्वाचा. समोर केबल कंपनीचं नाव असतं, पण बॉक्स बनवणारी कंपनी वेगळी असू शकते. एकाच केबल कंपनीने निरनिराळ्या वेळी निरनिराळे बॉक्स दिलेले असतात आणि त्यांचे रिमोटही वेगळे.

तिसरा प्रश्न: "जुन्या रिमोटवर माइकचं बटण होतं का? बोलून चॅनल लागायचं का?" उत्तर "हो" आलं, तर समोर बहुधा ब्लूटूथ रिमोट आहे. तिथे तुमचं काम वेगळं होतं.

आता काउंटरवरचा प्रसंग बघा.

"बाळा, रिमोट दे बरं. जुना बंदच पडला."
"देतो आजी. जुना आणलाय का?"
"हा बघ. प्लास्टिकमध्ये घालून ठेवला होता, तरी मेला."
"बघू… आजी, सेल कधी बदलले होते?"
"सेल? ते व्हय रे, दिवाळीला."

सेल काढले तर एक गळून स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड. जुन्या ब्रशने किंवा व्हिनेगर लावलेल्या कापसाने ती साफ केली, कोरडं पुसलं, नवे सेल घातले, रिमोट चालू! इथे तुम्ही रिमोट विकला नाही. सेल विकलात. नफा कमी झाला का? आज झाला. पण ती आजी गल्लीत काय सांगणार आहे, याचा हिशेब मांडा.

मोबाईल कॅमेऱ्याची चाचणी

साधा रिमोट इन्फ्रारेड प्रकाशाने चालतो. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाईलच्या कॅमेऱ्याला दिसतो. कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला, तर रिमोट किरण सोडतोय.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही फोनचा मागचा कॅमेरा, विशेषतः आयफोनचा, हा प्रकाश गाळून टाकतो. अशा वेळी पुढचा सेल्फी कॅमेरा वापरा. दुसरं, ब्लूटूथ रिमोटची बरीच बटणं इन्फ्रारेड सोडतच नाहीत. त्यामुळे ठिपका दिसला नाही म्हणून ब्लूटूथ रिमोट मेला, असं समजू नका.

ठिपका दिसतो पण एकच बटण चालत नाही? मग त्या बटणाखालच्या रबराचा काळा ठिपका झिजलाय किंवा आत तेल-धूळ गेली आहे. कोणतंच बटण ठिपका दाखवत नाही? सेल, स्प्रिंग, नाहीतर आतला एलईडी. अर्ध्या मिनिटात निदान होतं.

काम पहिलं: जुळवणे

साध्या इन्फ्रारेड रिमोटला पेअरिंग नसतंच. त्याचं काम पोस्टमनसारखं असतं. प्रत्येक बटण दाबलं की प्रकाशाची एक उघडझाप होते. बहुतेक रिमोटमध्ये तिची लय सेकंदाला ३८,००० च्या आसपास असते. त्या उघडझापीत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणत्या जातीच्या यंत्रासाठी, आणि काय करायचं. जणू पाकिटावरचा पत्ता आणि आतला मजकूर. पत्ता आपला नसेल तर बॉक्स ते पत्र उघडतच नाही.

म्हणून दोन रिमोट हुबेहूब सारखे दिसतात, बटणंही तीच असतात, तरी एक चालतो आणि दुसरा चालत नाही. प्लास्टिक सारखं आहे, पत्ता वेगळा आहे.

मग करायचं काय?

१. बॉक्सच्या खालचं स्टिकर वाचा, मॉडेल नंबर लिहून घ्या.
२. जुन्या रिमोटची बटणं नव्याशी एकेक ताडून बघा. खासकरून रंगीत बटणं, मेनू आणि एक्झिटची जागा.
३. गिऱ्हाईक जवळच राहत असेल तर म्हणा, "दादा, बॉक्स आणि त्याचा अ‍ॅडाप्टर घेऊन या, इथेच बघू." डिशची किंवा केबलची वायर नसली तरी बॉक्स चालू होतो, मेनू उघडतो. रिमोट तपासायला तेवढं पुरे.
४. बऱ्याच बॉक्सवर ओळखीच्या रिमोटचं बटण दाबलं की समोरचा छोटा दिवा लुकलुकतो. कॅमेऱ्यात ठिपका दिसतोय पण बॉक्सचा दिवा ढिम्म, तर बहुधा पत्ता चुकलाय. दुसरा रिमोट काढा.

इन्फ्रारेड रिमोटचा एक फायदाही आहे. त्याला अमुकच बॉक्स असं नसतं, त्या जातीचा कोणताही बॉक्स त्याला चालतो. एखादा लॉजवाला दहा खोल्यांसाठी दहा रिमोट घेऊन गेला, तर कोणता कोणत्या खोलीत ठेवायचा हा प्रश्नच नाही. बॉक्स एकाच मॉडेलचे असले म्हणजे झालं. तोटाही तिथेच: एकाच खोलीत तसे दोन बॉक्स ठेवलेत तर एका रिमोटवर दोन्ही नाचतात.

काम दुसरं: शिकवणे

डिश किंवा केबलच्या अनेक रिमोटवर वरच्या बाजूला चार-पाच बटणं वेगळी असतात. त्यांच्याभोवती चौकट असते, कधी "टीव्ही" असं लिहिलेलं असतं. टीव्ही चालू-बंद, आवाज कमी-जास्त, एव्ही किंवा सोर्स. ही बटणं नव्या रिमोटमध्ये कोरी असतात. टीव्हीच्या रिमोटकडून ती शिकून घ्यावी लागतात. शिकवलं की घरात एका रिमोटवर काम भागतं. म्हाताऱ्या माणसांना याचं फार बरं वाटतं.

बहुतेक रिमोटमध्ये पद्धत अशी असते:

१. दोन्ही रिमोटमध्ये चांगले सेल घाला. कमजोर सेलवर शिकवणी फसते.
२. बॉक्सच्या रिमोटवरचं "सेट" बटण काही सेकंद दाबून धरा, लाल दिवा स्थिर पेटेपर्यंत.
३. आता शिकवायचं असलेलं बटण, समजा "टीव्ही पॉवर", एकदा दाबा. दिवा लुकलुकायला लागतो किंवा मंद होतो. म्हणजे विद्यार्थी ऐकायला तयार.
४. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर ठेवा, टोकाला टोक, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर.
५. टीव्हीच्या रिमोटवरचं पॉवर बटण दाबा. बॉक्सच्या रिमोटचा दिवा दोन-तीनदा पटापट लुकलुकला की धडा पाठ झाला.
६. आवाजाची बटणं, सोर्स, सगळं असंच एकेक शिकवा.
७. शेवटी पुन्हा "सेट" दाबा. दिवा विझला म्हणजे शिकवणी संपली.

"सेट" नावाचं बटण दिसत नसेल तर पाकिटामागचा कागद वाचा, काही रिमोटमध्ये दोन बटणं एकत्र दाबायची असतात. तो कागद फेकू नका. त्याचा मोबाईलवर फोटो काढून एका अल्बममध्ये ठेवत जा. सहा महिन्यांत तुमच्याकडे असा संग्रह तयार होईल, जो गावात कोणाकडेच नसेल.

शिकवणी फसते ती नेहमी याच कारणांनी: उन्हात बसून केली, रिमोट हातात धरून हलत होता, टीव्ही रिमोटचं बटण फार वेळ दाबून धरलं किंवा दोन टप्प्यांत जास्त वेळ गेला. सावलीत बसा, रिमोट टेबलावर ठेवा आणि बटण एकदाच नीट दाबून सोडा.

अजून एक चाचणी मी हल्ली सगळ्यांना करायला लावतो. शिकवून झाल्यावर सेल काढा, अर्धा मिनिट थांबा आणि परत घाला. शिकवलेली बटणं टिकली का बघा. टिकली नाहीत तर तो रिमोट गिऱ्हाइकाला देऊच नका. सेल संपतील तेव्हा तो पुन्हा कोरा होईल आणि आजी तुमच्या दारात येतील.

आता इथला हमखास प्रश्न: "टीव्हीचा मूळ रिमोटच नाही, मग शिकवायचं कोणाकडून?" काही मोबाईलमध्ये इन्फ्रारेडची सोय असते, शाओमीच्या अनेक फोनमध्ये आहे. त्या अ‍ॅपमध्ये टीव्हीची कंपनी निवडा, टीव्ही चालतोय का बघा आणि त्या फोनलाच मास्तर करा. फोन आणि रिमोट समोरासमोर ठेवले की शिकवणी होते. दुकानासाठी असा एखादा जुना फोन सेकंडहँड घेऊन ठेवला तर तो हत्यारासारखा उपयोगी पडतो.

काम तिसरं: जोडणे

आता खरं पेअरिंग. जिथे मी चुकलो ते.

ब्लूटूथ रिमोट आणि बॉक्स एकमेकांना ओळखून ठेवतात. दोघांच्या मेमरीत एकमेकांची नोंद होते. त्यामुळे तुमच्या दुकानातल्या बॉक्सशी जोडलेला रिमोट गिऱ्हाइकाच्या घरच्या बॉक्सला परकाच असतो, मग मॉडेल अगदी तेच का असेना. साखरपुडा एका घरी केला आणि वरात दुसऱ्याच दारात नेली, अशातली गत!

म्हणून नियम लिहून ठेवा: ब्लूटूथ रिमोट गिऱ्हाइकाच्या बॉक्सवरच जोडायचा. बॉक्स दुकानात आणायला सांगा, नाहीतर तुम्ही किंवा पोरगा घरी जाऊन करून द्या.

पद्धत:

१. जुन्या रिमोटचे सेल काढून बाजूला ठेवा.
२. नव्या रिमोटमध्ये नवे सेल घाला. बॉक्स आणि टीव्ही चालू करा. टीव्हीवर बॉक्सचं चित्र आलं पाहिजे.
३. बॉक्सपासून एक-दोन हातांवर उभे राहा.
४. जोडणीची बटणं दाबून धरा. बऱ्याच अँड्रॉइड रिमोटमध्ये होम आणि बॅक एकत्र, दिवा लुकलुकेपर्यंत. गुगलच्या क्रोमकास्टच्या रिमोटलाही हीच दोन बटणं. अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्हीला फक्त होम, सुमारे १० सेकंद. बाकी कंपन्यांची जोडी कागदावर छापलेली असते.
५. पडद्यावर आपोआप काही आलं नाही, तर बॉक्सच्या सेटिंग्जमध्ये "रिमोट्स अँड अ‍ॅक्सेसरीज" शोधा, त्यात "अ‍ॅड" किंवा "पेअर अ‍ॅक्सेसरी" निवडा. यादीत रिमोटचं नाव दिसलं की ते निवडा.
६. आता माइकचं बटण दाबून बोला: "बातम्या लाव."

सहावी पायरी कधीही गाळू नका. का? अनेक ब्लूटूथ रिमोटमध्ये पॉवर, आवाज अशी काही बटणं इन्फ्रारेडवरही चालतात. जोडणी न होताही ती चालतात आणि आपल्याला वाटतं, झालं काम! माइकचं बटण मात्र जोडणीशिवाय चालत नाही. त्यामुळे खरी साक्ष त्याचीच. दुसरी साक्ष अशी: रिमोटचं तोंड भिंतीकडे करा, त्याच्या टोकावर तळहात ठेवा आणि बाण चालवून बघा. चालला तर ब्लूटूथ जोडलंय.

"सेटिंग्जमध्ये जायला रिमोट लागतो आणि रिमोटच तर नाही!"

कोंबडी आधी की अंडं आधी, तसला हा प्रश्न. वाटा चार आहेत:

- कॉम्प्युटरचा साधा यूएसबी माउस बॉक्सच्या यूएसबीत लावा. अँड्रॉइड बॉक्सवर बाण दिसतो, त्याने सेटिंग्जमध्ये जा. दुकानाच्या पिशवीत एक माउस कायम ठेवा. स्वस्तात अडचण सुटते.
- टीव्हीच्या रिमोटने बॉक्स चालवा. बॉक्स एचडीएमआय वायरने जोडलेला असेल आणि टीव्हीत सीईसीची सोय चालू असेल, तर टीव्हीच्या रिमोटचे बाण बॉक्सवर चालतात. सॅमसंग त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. नावं तीन, काम एकच.
- गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर गुगल टीव्ही अ‍ॅप. फोन आणि बॉक्स एकाच वायफायवर हवेत. टीव्हीवर कोड येतो, तो फोनमध्ये टाकला की फोनच रिमोट होतो.
- बॉक्सवरच छोटं बटण असेल तर कागद बघून ते जोडणीसाठी चालतं का पाहा.

एक धोक्याची सूचना. काही जण वैतागून सरळ फॅक्टरी रीसेट मारतात. तसं करू नका. गिऱ्हाइकाची लॉगिन, अ‍ॅप, वायफायचा पासवर्ड, सगळं पुसलं जातं. घरातल्या कोणालाच ते पासवर्ड आठवत नसतात आणि मग दोन तास तुमचे गेले. रीसेट हा शेवटचा उपाय, तोही विचारून. आणि कोणाच्या घरी गेलात तर त्यांच्या खात्यात शिरू नका, ओटीपी मागू नका. पासवर्ड त्यांचा त्यांनाच टाकू द्या.

सगळं बरोबर, तरी चालत नाही?

- बॉक्स टीव्हीच्या मागे टांगलाय का? साध्या रिमोटला बॉक्सचं तोंड दिसलं पाहिजे. पुढे काढा, नाहीतर बॉक्सला सोय असेल तर आयआर वायर लावा.
- बॉक्सच्या समोरच्या काचेवर स्टिकर, धूळ, शोकेसची रंगीत काच?
- रिमोटच्या प्लास्टिक पिशवीवर टोकाशी धूळ आणि तेल? पिशवी काढून बघा. आपल्या घरांत हे कारण फार आढळतं.
- बॉक्सच अडकलाय का? प्लग काढा, एक मिनिट थांबा, लावा.
- रिमोट "टीव्ही" मोडवर गेलाय का? काही रिमोटमध्ये चुकून ते बटण दाबलं जातं आणि मग बॉक्स ऐकत नाही.

आता धंद्याचं गणित

समजा तुमची खरेदी ९० रुपये, विक्री १८०. एका रिमोटमागे ९० सुटतात, दहा रिमोटचे ९००. आता यातले तीन परत आले, पाकीट फाटल्यामुळे होलसेलवाल्याने ते घेतले नाहीत आणि तुम्ही गिऱ्हाइकांचे पैसे परत केलेत. विक्री झाली सातची, १,२६०. खरेदी दहाची, ९००. हातात उरले ३६०. म्हणजे फक्त तीन रिमोट परत आले आणि नफ्याचे ५४० रुपये गेले. दरवेळी भांडण झालं ते वेगळं.

आता तेच दहा रिमोट तीन प्रश्न विचारून, तपासून, शिकवून किंवा जोडून दिले तर? एकेकाला दहा-पंधरा मिनिटं जातात. पण त्या वेळेचे पैसे तुम्ही घेऊ शकता, आणि घ्यावेत. आपल्याकडे दुकानदाराला वस्तूचे पैसे मागायला लाज वाटत नाही, कामाचे मागायला वाटते. ती लाज सोडा. काउंटरवर सरळ पाटी लावा: "रिमोट घेतल्यास दुकानात सेटिंग मोफत. घरी येऊन सेटिंगचे वेगळे पैसे." रक्कम तुमच्या गावाप्रमाणे ठरवा, पण लिहून ठेवा. लिहिलेल्या भावावर घासाघीस कमी होते.

आणि एक वही ठेवा. चार रकाने पुरेत: गिऱ्हाइकाचं गाव, बॉक्सचं मॉडेल, कोणता रिमोट दिला, चालला का. गावात फिरून फिरून तेच पाच-सात प्रकारचे बॉक्स असतात. वहीची दहा पानं भरली की कोणता माल किती भरायचा हे होलसेलवाल्याला विचारावं लागणार नाही. वही सांगेल.

काउंटरला चिकटवायची चिठ्ठी

- आधी सेल बदलून बघितले?
- जुना रिमोट आणि बॉक्सचं स्टिकर पाहिलं?
- माइक आहे? मग गिऱ्हाइकाचाच बॉक्स हवा.
- शिकवलं? सेल काढून-घालून तपासलं?
- जोडलं? माइकवर बोलून बघितलं?
- गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या हाताने एकदा चालवून घेतलं?

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आपण पटापट करून दाखवतो, समोरचा मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. रिमोट त्यांच्या हातात द्या. "आजोबा, आता तुम्ही लावा बरं बातम्या." त्यांना जमलं की काम झालं.

त्या आजोबांचं पुढे काय झालं?

दुकानदार दादांना मी फोनवर हेच सगळं सांगितलं आणि आधी माफी मागितली. रविवारी दुपारी दुकान बंद करून ते स्वतः वाडीवर गेले. बरोबर माउस नेला होता. दहा मिनिटांत रिमोट जोडला. आजींनी माइकचं बटण दाबून हळूच "भजन" म्हटलं आणि पडद्यावर भजनं आली. त्यांनी पैसे विचारले, दादांनी घेतले नाहीत. चूक आपली असेल तेव्हा घ्यायचे नसतात, एवढा एक अपवाद पाटीवर लिहिला नाही तरी चालेल. पण त्याच वाडीवरून पुढे दोन रिमोट आणि एका गिझरचं काम आलं. त्याचे मात्र त्यांनी चोख पैसे घेतले.

मंडळी, आपण काउंटरवरून प्लास्टिकचा तुकडा देतो. गिऱ्हाईक मात्र चालू झालेला टीव्ही विकत घ्यायला आलेलं असतं. या दोन्हींच्या मधली दहा मिनिटं म्हणजे तुमचा धंदा.

या आठवड्याचा गृहपाठ: दुकानातला प्रत्येक रिमोट काढा, तो जुळवायचा, शिकवायचा की जोडायचा, हे पाकिटावर स्केचपेनने लिहा. एका तासाचं काम आहे. करून झालं की कमेंटमध्ये "झालं" एवढंच लिहा, आणि ज्या बॉक्सने तुम्हाला सगळ्यात जास्त रडवलं त्याचं मॉडेलही लिहा. पुढच्या व्हिडिओत तेच बॉक्स समोर ठेवून, या वेळी पूर्ण पद्धतीने, करून दाखवतो.

भेटूया. धंदा वाढू द्या, फेऱ्या कमी होऊ द्या!